बिनवापराची स्टेपनी

अंबड चौफुलीवरच्या टायरच्या दुकानात एक बाई बसते, याचं जालन्यात आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. दुकान चंचलच्या सासऱ्यांनी, रामनिवासजींनी काढलं. ते थकल्यावर तिचा नवरा रजत बघू लागला, आणि रजतनं मोंढ्यात बियाण्यांची एजन्सी घेतली तसा काउंटर चंचलकडे आला. सुरुवातीला गिऱ्हाईक आत डोकावायचं, "शेठ न्हाईत का?" म्हणायचं आणि परत फिरायचं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की या बाईनं टायरवरून नुसता तळवा फिरवला तरी तिला कळतं, चाक वाकडं चाललंय का गाडीवाला हवा कमी ठेवतोय.

तिच्याकडे आवर्जून येणाऱ्यांत कौसल्या होती. घनसावंगीची. तालुक्यातल्या एका खेड्यात, गोदावरीच्या अंगाला, उपकेंद्रावर नर्स. लग्न टिकलं नव्हतं, माहेरी आई आणि थोरल्या भावाबरोबर राहत होती. नोकरीच्या गावाला बस दिवसातून मोजक्याच, म्हणून तिनं संभाजीनगरहून एक जुनी कार घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. घरातल्या कुणालाच ते फारसं पटलं नव्हतं. भाऊ अंगद म्हणाला होता, बाईमाणसानं उसाच्या ट्रॉल्यांमधून गाडी काढायची म्हणजे खेळ नाही. कौसल्यानं वाद घातला नाही, पहाटे उठून मोकळ्या रस्त्यावर सराव केला. पहिल्यांदा ती टायरमध्ये हवा भरायला आली तेव्हा काउंटरवर बाई बघून एवढी मोकळी हसली, की चंचललाही हसू आलं. तेव्हापासून कौसल्या तिला 'भाभी' म्हणायची, चंचल हिला 'सिस्टर'. चाकांची अदलाबदल असो, बॅलन्सिंग असो, कौसल्या घनसावंगीहून इथवर यायची. चहा व्हायचा. दोघींच्या वयात फारसं अंतर नव्हतं.

मे महिना होता, लग्नाच्या तिथी दाट. दुकानासमोर गाड्यांची रांग. कौसल्या भर दुपारी आली ती घाईत. पुढच्या डाव्या टायरला बाजूनं लिंबाएवढा फुगा आला होता. कुठंतरी पुलाच्या कडेला चाक आपटलं होतं. चंचल चाकाशी उकिडवी बसली, फुग्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा टायर आता अजिबात चालवायचा नाही, कधीही फुटेल. हे तिनं बरोबरच सांगितलं. पण त्या मापाचा टायर तिच्याकडे नव्हता. लग्नसराईनं माल संपवला होता. चौफुलीच्या पलीकडे दोन वर्षांपूर्वी निघालेल्या दुकानात तो होता. सकाळीच तिनं तिथं त्या मापाची थप्पी उतरताना पाहिली होती. पण तिकडे एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हाही तिचा अनुभव होता.

"स्टेपनी आहे ना?" ती म्हणाली. "ती बघू आधी."

फिटर धम्मपालनं डिकीतली चटई उचलून स्टेपनी बाहेर काढली. काळी कुळकुळीत. रबराचे बारीक केससुद्धा अजून झडले नव्हते. आधीच्या मालकानं चारही टायर केव्हातरी बदलले होते. स्टेपनी मात्र गाडीबरोबर आलेली, तशीच पडून.

"अगंबाई, ही तर कोरी आहे," कौसल्या म्हणाली. "मंग काय पाहिजे? हीच टाका भाभी. मला लवकर पोचायचंय. एक बाई दिवस भरलेली आहे, तिला सोडून आलेय."

चंचलनं चाक फिरवून टायरच्या बाजूवर छापलेले आकडे शोधले. टायर कारखान्यातून निघाला तो आठवडा आणि वर्ष त्यावर असतं. वाचणाऱ्याला ते कळतं, बाकीच्यांना तो कंपनीचा काहीतरी नंबर वाटतो. टायर आठ वर्षांचा होता. रस्त्यावर तो कधी धावलाच नव्हता, पण आठ उन्हाळे डिकीत तापला होता. रबर धावलं काय आणि पडून राहिलं काय, वाळतंच. तिनं अंगठ्यानं बाजू दाबली. चाकाच्या लोखंडी डिस्कला लागून केसासारख्या भेगा उघडल्या आणि अंगठा काढताच मिटल्या. असा टायर जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जायला ठीक. पुढच्या चाकाला, मे महिन्यात, अंबडच्या रस्त्यावर रोज चालवायला नाही.

सांगायचं म्हणून तिनं वर पाहिलं. कौसल्या घड्याळाकडे बघत होती. मागं एक जीपवाला हॉर्न वाजवत होता. सांगितलं तर कौसल्या विचारणार, मग नवा टायर कुठं मिळेल, आणि उत्तर चौफुलीच्या पलीकडे उभं होतं.

"बसवते," चंचल म्हणाली. "गुरुवारी माल येतोय. आला की फोन करते, तेव्हा नवा टाकू."

चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. धम्मपालनं नट आवळले, हवा भरली. कौसल्या गेली. गाडी सावकाश चालवा, एवढंसुद्धा चंचल तिला म्हणाली नाही, कारण तसं म्हटलं असतं तर कौसल्यानं 'का' विचारलं असतं.

गुरुवारी माल आला. त्या मापाचे दोनच टायर आले. चंचलनं फोन हातात घेतला, नंबरही काढला. तेवढ्यात भोकरदनकडच्या एका वऱ्हाडाची गाडी दारात थांबली. त्यांनाही तेच माप हवं होतं, दोन्ही टायर, आत्ताच्या आत्ता, नवरदेव गाडीत बसलेला. तिनं टायर देऊन टाकले. सिस्टरचं पुढच्या खेपेला बघू, म्हणाली. पुढची खेप आली तेव्हा ती घरच्या एका लग्नाला गेली होती, आणि परत आल्यावर ते तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं.

अंगद दुकानात आला तो जूनच्या तोंडाशी. चंचल त्याला ओळखत नव्हती. उंच, उन्हानं रापलेला, धोतराऐवजी पँट पण पायात वहाणा. त्यानं टेम्पोतून एक चाक उतरवून काउंटरसमोर आडवं टाकलं. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. वरची नक्षीची पट्टी सालीसारखी सुटून आली होती.

तो म्हणाला, मी कौसल्या सिस्टरचा भाऊ. आणि मग उभ्या उभ्याच सांगितलं. बदनापूरला लग्नाला गेले होते. कौसल्या आईला घेऊन परत येत होती. अंबड सोडल्यावर गाडी एकाएकी डावीकडे ओढली गेली, रस्ता सोडून खाली नांगरलेल्या वावरात जाऊन उलटी झाली. कौसल्याचा उजवा हात मनगटात मोडला. आई, सगुणाबाई, मागं बसली होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं. जालन्यात ऑपरेशन झालं. आता खाटेवर आहे. रोज मळ्यापर्यंत चालत जाऊन येणारी बाई.

चंचल चाकावर वाकली. टायरच्या बाजूवरचे ते चार आकडे धुळीतूनही दिसत होते.

"तुम्हीच बसवला होता ना हा?" अंगदनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखर विचारत होता. "ती म्हणते कोरा होता. मंग कोरा टायर फुटतो कसा? मी तर म्हणतो, ती जोरात चालवत असल. तिला घाई लई."

इथं एक वाक्य पुरेसं होतं. ते चंचलच्या ओठापर्यंत आलंही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"रस्त्यावर काहीतरी लागलं असेल," ती म्हणाली. "वेग असला की थोडंसं लागलं तरी फुटतो."

अंगदनं मान हलवली. त्याला हवं होतं तेच उत्तर मिळालं होतं. चंचलनं नवा टायर काढला, धम्मपालकडून डिस्क सरळ करवून घेतली, त्यावर तो बसवून दिला, आणि अंगदनं खिशात हात घातला तेव्हा तिनं एक रुपयाही घेतला नाही. तो संकोचला. जाताना हात जोडून म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं राह्यली न्हाईत भाभी." ते हात जोडलेले तिला बघवेनात. ती वळून रॅकवरचे टायर उगीच सरळ करत राहिली.

घरी तिनं रजतला सगळं सांगितलं. दोघं आपसांत मारवाडीत बोलत. रजत वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे ऐकलं, आणि मग म्हणाला की टायर आपण विकलेला नाही, त्यांचाच होता, त्यांच्याच गाडीतला. बसवायला त्याच बाई म्हणाल्या. आता बोलून आजींचं हाड काही जुळणार नाही, उलट पोलीस, कोर्ट, सगळं मागं लागेल. काही करायचंच असेल तर बाकीचे तीन टायरही नवे टाकून दे. बोलायचं कशाला?

रजत म्हणाला त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच चंचलला त्यांचा आधार वाटला. काही दिवस तो पुरला. पण दुकानात कुणाचीही स्टेपनी डिकीतून निघाली, की ती काउंटर सोडून आतल्या खोलीत जायची. ऊस वाहणारा ट्रॅक्टर दारात थांबला तरी तिला घनसावंगीचा रस्ता आठवायचा. धम्मपाल काही बोलत नव्हता. त्यानं ते आकडे पाहिले होते की नाही, हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं.

मग एके दिवशी कौसल्या स्वतःच आली. बसनं. उजव्या हाताला प्लॅस्टर, खांद्यावर पर्स, घामानं चेहरा डबडबलेला. ती आईच्या एक्स-रेचे कागद घ्यायला जालन्याला आली होती. चंचलनं पंखा तिच्याकडे वळवला, चहा मागवला. कौसल्या वाळली होती.

ती म्हणाली, उपकेंद्रावर आता भाड्याच्या काळी-पिवळीनं जाते. संध्याकाळची एखादी बाई अडली तर जाता येत नाही. हात सुटला तरी गाडी चालवणार नाही. दादानं किल्ली काढून घेतलीय, ताडपत्री टाकून ठेवलीय गाडीवर, गिऱ्हाईक बघून राह्यलाय. त्याचं काही चुकत नाही.

"पण भाभी, मला एक गोष्ट तुम्हालाच विचारायचीय," ती कप खाली ठेवून म्हणाली. "मला आठवतं तसं काटा साठच्या आसपास होता. दादा म्हणतो, टायरवाल्या बाईनंच सांगितलं, वेग जास्त असल्यामुळं फुटला. मला आता माझाच भरवसा वाटंना. तुम्ही टायर पाहिलात. तो बघून कळतं का हो, मी खरंच जोरात होते का?"

एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. चंचलनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर संशय असता तर बरं झालं असतं. तिथं नुसता विश्वास होता, आणि एक भीती, की उत्तर 'हो' येईल.

"तसं नक्की काही सांगता येत नाही," चंचल म्हणाली.

कौसल्यानं पर्स खांद्यावर घेतली. मग हसल्यासारखं करून म्हणाली, असू द्या, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय. आणि नव्या टायरबद्दल तिनं आभार मानले. आईनं तुम्हाला आशीर्वाद दिलाय, म्हणाली. ती पायरी उतरून चौफुलीकडे चालू लागली. प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं सांभाळत, वाहनांतून वाट काढत. मागून येणाऱ्या एका ट्रकच्या हॉर्ननं ती एवढी दचकली, की रस्त्याच्या मधेच थांबली. ट्रकवाला ओरडला. भरधाव गाड्यांतून स्वतः गाडी काढणारी ती बाई लहान मुलासारखी कडेला सरकून उभी राहिली.

ते चंचलनं पाहिलं. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढून हटलं नाही. हाडं मोडली ती मोडलीच, पण तिनं कौसल्याच्या मनातली स्वतःबद्दलची खात्रीच मोडली होती, आणि ती मात्र अजून जोडता येण्यासारखी होती. त्यासाठी टायर नाही, एक वाक्य लागत होतं, आणि ते फक्त तिच्याकडे होतं.

सकाळी तिनं रजतला सांगितलं, मी घनसावंगीला जाऊन येते. मी येऊ का, असं त्यानं विचारलं. ती नको म्हणाली.

बस अंबडपर्यंत भरलेली, पुढं रिकामी झाली. कपाशीची रोपं वर आली होती. अंबड सोडल्यावर ती रस्त्याच्या डाव्या बाजूला बघत राहिली, पण कुठल्या वावरात ते झालं हे तिला ओळखता आलं नाही. सगळीकडे सारखंच हिरवं होतं.

घर विचारत ती गेली. अंगणात कडुनिंबाखाली ताडपत्रीनं झाकलेली गाडी. ओसरीवर खाटेवर सगुणाबाई, शेजारी चालायचं लोखंडी स्टँड. रविवार असल्यानं कौसल्या घरीच होती. अंगद मळ्यात गेला होता. भावजय माहेरी गेलेली.

कौसल्याला एवढा आनंद झाला, की चंचलला वाटलं आल्या पावली परत फिरावं. आईला ती म्हणाली, ह्याच त्या भाभी. सगुणाबाईंनी उठायची धडपड केली, जमलं नाही, मग तिथूनच हात पुढं केला. चंचलनं तो हात हातात घेतला खरा, पण तिला बसवेना. पाण्याचा तांब्या आला, तो तिनं तसाच ठेवला.

"सिस्टर, मला काही सांगायचंय. जरा गाडीपाशी चला."

कडुनिंबाखाली उभं राहून तिनं सांगितलं. एका दमात. टायर आठ वर्षांचा होता. मी त्या दिवशी तारीख वाचली होती. भेगाही पाहिल्या होत्या. समोरच्या दुकानात नवा टायर होता, तुम्ही तिकडं जाल म्हणून बोलले नाही. गुरुवारी माल आला, तो दुसऱ्याला दिला. तुमच्या भावाला मी वेगाचं सांगितलं ते खोटं. तुम्ही दुकानात येऊन विचारलंत तेव्हाही खोटं बोलले. टायर वेगानं फुटला नाही. साठनं काय, चाळीसनं चालवला असता तरी त्या उन्हात तो सुटलाच असता. तुमचं काहीही चुकलं नव्हतं.

कौसल्या ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं आतिथ्याचं हसू लगेच गेलं नाही, निघायची आठवण न राहिल्यासारखं तिथंच राहिलं आणि मग हळूहळू मावळलं. तिनं डावा हात गाडीवर टेकला.

"कोरी होती," ती म्हणाली.

"दिसायला."

गोठ्यात म्हशीची साखळी वाजत होती.

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं," कौसल्या म्हणाली, "तरी मी घाईत तशीच निघाले असते का, मला माहीत न्हाई. कदाचित निघालेही असते. पण ते मी ठरवलं असतं ना, भाभी. तुम्ही माझ्यासाठी ठरवलंत."

माफ करा, असं चंचलनं म्हटलं. ते कौसल्यानं ऐकल्यासारखं दाखवलं नाही. ती एवढंच म्हणाली, की हे मला सांगून भागणार नाही. दादा दुपारी येतो. त्याच्यासमोर, आईसमोर सांगावं लागेल. मी सांगितलं तर त्याला वाटेल, मी स्वतःला सोडवून घेतेय.

चंचलनं मान हलवली.

मग ती थांबली. ओसरीच्या कडेला, पायरीवर. कौसल्या आत निघून गेली, पुन्हा बाहेर आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, एका हातानं काम करणाऱ्या माणसाचा, थांबत थांबत. सगुणाबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्या खाटेवरून चौकशी करत राहिल्या. लेकरं किती, सासू आहे का, जालन्यात पाणी किती दिवसांनी येतं. चंचल उत्तरं देत होती. पुढ्यातला तांब्या तसाच भरलेला होता. घरी निघून जाणं किती सोपं आहे, हे तिला त्या वेळात अनेकदा वाटलं. बसचा रस्ता समोर दिसत होता.

उन्हं कलायच्या आधी अंगद आला. चंचलला बघून त्याचा चेहरा खुलला, तोवर कौसल्या दारात येऊन उभी राहिली होती. चंचल उठली आणि तिनं सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. कडुनिंबाखाली ती अपराध सांगत होती, इथं तो माणसांच्या तोंडावर उमटताना बघत होती. अंगदनं हातातलं खुरपं भिंतीशी टाकलं. म्हणाला, मी तुमच्यापुढं हात जोडून गेल्तो. तुमच्या शब्दावर मी माझ्या बहिणीला नाही नाही ते बोललो. गावात सांगितलं. आता पोलिसांत जातो, बघू तुमचं दुकान कसं चालतं ते. चंचल म्हणाली, जा. मी तिथंही हेच सांगीन.

त्यावर तो काय बोलणार होता कोण जाणे, पण तेवढ्यात खाटेवरून सगुणाबाईंचा आवाज आला. त्या रडत होत्या. कुणाला वाटलं हाडाची कळ आली. कौसल्या धावली.

"म्हंजी माझ्यानं न्हाई झालं?" म्हातारी विचारत होती. "मीच हिला पाण्याची बाटली मागितली. हिनं मागं हात केला, अन् तेवढ्यात गाडी गेली. मला वाटलं, माझ्या तहानंपायी लेकीचा हात मोडला. म्या कुणाला बोलले न्हाई."

कौसल्या खाटेशी खाली बसली. तिला ती बाटली आठवतही नव्हती. गाडी ओढली गेली त्याच्या कितीतरी आधी तिनं ती दिली असेल, नाहीतर दिलीही नसेल. आईनं मात्र हे घेऊन इतके दिवस खाटेवर काढले होते. ऑपरेशनआधी, ऑपरेशननंतर, लेक एका हातानं तिचं न्हाऊ-माखू घालत असताना.

चंचलला या गोष्टीची कल्पनाच नव्हती. आपण गप्प राहिलो तर ते आपल्यालाच खातं, असं तिला वाटत होतं. तिच्या गप्प राहण्यानं या घरात आणखी कुणाकुणाला काय काय वाहायला लावलं, ते तिला त्या ओसरीवर कळलं. ती खांबाला धरून उभी राहिली. रडण्याचासुद्धा तिला तिथं हक्क नव्हता.

अंगद भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तो आत गेला, फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यानं गाडीची किल्ली कौसल्याच्या शेजारी खाटेवर ठेवली. "तुझं तू बघ," म्हणाला. माफी मागायची त्याला सवय नव्हती. तो पुन्हा मळ्याकडे निघून गेला, चंचलकडे न बघता.

चंचलही निघाली. कौसल्या फाटकापर्यंत आली नाही, आणि 'या' असंही म्हणाली नाही.

पोलिसांत कुणी गेलं नाही. का, ते चंचलला कधी कळलं नाही, आणि आठ-पंधरा दिवस ती प्रत्येक अनोळखी जीप दारात थांबली की उठून उभी राहायची. रजत तिला धीर द्यायचा. तिनं दुकानात एक गोष्ट सुरू केली. टायर बदलायला आलेल्या प्रत्येकाची स्टेपनी बाहेर काढायला लावायची, त्याला हातात बॅटरी देऊन आकडे स्वतः वाचायला लावायचे, आणि जुनी निघाली तर दुकानात माप असो नसो, तोंडावर सांगायचं. नसेल तर समोर जा म्हणायचं. काही गिऱ्हाइकं खरंच समोर गेली आणि आली नाहीत. काहींना तिचा कंटाळा यायचा. घाई असते हो भाभी, म्हणायचे. तिला बरं वाटायला हवं होतं, पण तसं फार वाटलं नाही. हे करणं म्हणजे फेड नव्हे, हे तिला कळत होतं. करायला तर हवंच होतं, म्हणून ती करत होती.

घनसावंगीकडच्या गिऱ्हाइकांकडून अधूनमधून कळायचं. सिस्टरचं प्लॅस्टर निघालं. म्हातारी स्टँड धरून अंगणात फिरते, पण मळ्यापर्यंत काही जात नाही, डॉक्टर म्हणाले आता जाणारही नाही. सिस्टर परत गाडी चालवू लागली. हे शेवटचं ऐकलं त्या दिवशी चंचल जेवायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की कित्येक दिवसांनी तिला भूक लागली आहे. पण दुसऱ्याच घासाला ती मळ्यापर्यंत न जाणारी म्हातारी आठवली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दुकानातला फोन वाजला. धम्मपालनं उचलला आणि तिच्याकडे दिला.

"कौसल्या बोलतेय." बोलण्यात 'भाभी' नव्हतं. "आईला संभाजीनगरला दाखवायला न्यायचंय. तिला बसवत न्हाई फार वेळ, मागच्या सीटवर झोपवून नेणार. सोबत दादा आणि सामान. मागच्या चाकांत हवा किती ठेवू?"

चंचलनं सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराच्या आत पट्टी आहे, तिच्यावर दोन आकडे आहेत, भरल्या गाडीचा असेल तो मागच्या चाकांना ठेवा. हवा बघायची ती घरून निघायच्या आधी, चाकं थंड असताना. गाडी चालून तापली की काटा जास्त दाखवतो. व्हॉल्व्हची झाकणं चारही घट्ट लावा. स्टेपनीला अजून तो फुग्याचा टायर असेल तर आधी तो बदला, आणि तिच्यात नेहमी दोन-चार पौंड जास्तच असू द्या, ती पडल्या पडल्या उतरते.

पलीकडे पेन चालल्याचा आवाज येत होता. सगुणाबाईंना कसं आहे, हे विचारावं म्हणून चंचलनं श्वास घेतला.

"बरं," कौसल्या म्हणाली, आणि फोन ठेवला.